पावसाच्या बेगमीत किडीचाही हिशेब धरा

एप्रिल सरत आला की कोकणात घरोघरी एकच घाई उडते. कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, लाकूडफाटा पडवीत भरायचा, वाऱ्याच्या बाजूला झापांची झड बांधायची, आमसुलं, पापड, सुकी मासळी डब्यांत भरून झाकणं घट्ट लावायची. ही बेगमी झाली की माणूस निर्धास्त. पण या यादीत वाळवी, उंदीर, झुरळं, डास यांचं नाव सहसा नसतं. त्यांची आठवण होते ती जुलैच्या झडीत, दाराची चौकट बोटानं दाबल्यावर आत जाते तेव्हा. मग बाजारातून फवाऱ्याचा डबा येतो, दोन दिवस घरभर वास राहतो आणि तिसऱ्या रात्री झुरळं पुन्हा मोरीत हजर असतात.

घरातल्या किडीचा बंदोबस्त हे आपल्याकडे मे महिन्याचं काम आहे. जुलैत करायची ती फक्त डागडुजी. आणि या कामातलं पहिलं हत्यार औषध नव्हे, कोरडेपणा आहे. कोकण किनाऱ्यावर साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. किड्याचं शरीर लहान, त्यातलं पाणी पटकन उडतं, म्हणून त्याची निम्मी धडपड ओलाव्यासाठी चाललेली असते. देशावरच्या घरात झुरळाला पाणी शोधत हिंडावं लागतं. इथे हवाच त्याला पाणी पाजते. त्यात आपण गळका नळ, फ्रिजमागचा कधीच न पुसलेला ट्रे आणि भिंतीला चिकटून ठेवलेलं कपाट यांची भर घालतो.

म्हणून मेमध्ये एका संध्याकाळी घराभोवती आणि घरातून एक फेरी मारा, आणि या फेरीत किडे न शोधता ओल शोधा. पन्हळीतून पाणी भिंतीवर कुठे उतरतं, न्हाणीघराचं पाणी कुठे तुंबतं, जोत्यालगत माती कुठे चढली आहे, कोणत्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचे बुरशीचे डाग आहेत, हे पाहून ठेवा. कपाटं आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढले तरी मागे हवा खेळते आणि पावसाळ्यात फरक कळतो.

माती, दाणे की पीठ?

लाकूड खाणाऱ्या किडीला सगळेच सरसकट वाळवी म्हणतात आणि तिथेच पैसे वाया जातात. औषधवाल्याला फोन करण्याआधी चौकटीखाली वाकून नीट बघा. भिंतीवरून किंवा खांबावरून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची वाट वर चढलेली असेल, तर ती जमिनीतली वाळवी. तिचं वारूळ मातीत असतं आणि राणीही तिथेच. चौकटीखाली खसखशीसारखे कोरडे, टणक, एकाच मापाचे दाणे साचले असतील आणि मातीचा मागमूस नसेल, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. ती त्या लाकडातच जन्म काढते, तिला जमिनीशी देणंघेणं नाही. आणि बारीक गोल भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर वाळवी नव्हेच. तो लाकूड पोखरणारा भुंगा. बांबूवर आणि हलक्या लाकडाच्या वाशांवर त्याचा विशेष डोळा.

तिन्हींचा इलाज वेगळा. दाणे सापडलेल्या घरात जमिनीत औषध सोडणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तिथे पोखरलेला तुकडा काढून जाळायचा किंवा भोकांतून लाकडातच औषध सोडायचं. मातीच्या वाटा असतील तर मात्र घराच्या बुडाशीच काम व्हायला हवं. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिलेली आहे. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर सुमारे १२ मिलिमीटरची भोकं साधारण फूट-फूट अंतरावर पाडायची, त्यांतून औषध खाली मातीत सोडायचं आणि भोकं बुजवायची. जो माणूस नुसता भिंतींवर फवारा मारून पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवा. वाटा केरोसीननं पुसून काढण्यालाही अर्थ नाही. उलट त्या तशाच ठेवा आणि मधला वीतभर तुकडा तेवढा मोडा. चार-पाच दिवसांत तो पुन्हा बांधला गेला तर वाळवी जिवंत आहे आणि कुठून येते तेही कळलं. नवं घर बांधणाऱ्यांनी जोत्याचं काँक्रीट पडण्याआधीच हे काम उरकावं. तो खर्च नंतरच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

इथे कोकणापुरती एक गोष्ट बजावून सांगायला हवी. आपल्याकडे परसात विहीर असते आणि जांभा सच्छिद्र असतो. जोत्याशी सोडलेलं औषध झिरपत विहिरीकडे जाऊ शकतं. विहीर घरालगत असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध सोडू देऊ नका, आणि बाकीच्या बाजूंचं कामही कोरड्या दिवसांत करून घ्या, पाऊस तोंडावर आलेला असताना नको.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळव्यांचा थवा उठतो. तो बाहेरून आला तर घाबरायचं कारण नाही. दिवे मालवा, खिडक्या लावा, अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत होतं. पण सकाळी बंद खोलीत, चौकटीच्या फटीपाशी पंखांचा खच पडलेला दिसला, तर वारूळ तुमच्या घराखालीच आहे असं समजा.

लाकूडफाटा भिंतीला टेकवून रचू नका, ही सूचना कोणालाच आवडत नाही, कारण पडवीत जागा तेवढीच असते. निदान चार चिरे खाली घालून वर रचा आणि भिंतीकडून हातभर जागा सोडा. जुन्या घरांत चुलीचा धूर माळ्यावरच्या वाशांना रोज लागायचा, त्यामुळे भुंगा फिरकत नसे. गॅस आला, धूर गेला. डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीनं ते बरंच झालं, पण वाशांकडे आता मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. काजूच्या टरफलाचं तेल वाशांना आणि होड्यांना लावायची पद्धत आपल्याकडे आहे, ती चांगली आहे. फक्त ते तेल अंगावर पडलं तर कातडी भाजते, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

डासांचं गाव घरातच असतं

डासांसाठी आपण गटाराकडे बोट दाखवतो, पण डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला लागतं साठलेलं स्वच्छ पाणी, आणि तो चावतो दिवसाढवळ्या. ज्या वाडीत नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे पिंपं भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो, आणि डासाला तेवढंच हवं असतं. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. मात्र पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि सुकी राहूनही कित्येक महिने जगतात. पिंप पुन्हा भरलं की ती उमलतात. तेव्हा काथ्यानं आतून खसखसून घासा, मग धुवा.

किनाऱ्यावरच्या गावांत एक जागा हमखास विसरली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. होडीच्या तळाशी, तिच्यावरच्या ताडपत्रीच्या खळग्यांत आणि कडेला बांधलेल्या जुन्या टायरांत पावसाचं पाणी साचतं. वस्तीला खेटून अशा होड्यांची रांग असेल तर घरातली पिंपं कितीही घासली तरी डास उणे होणार नाहीत. टायरला खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, ताडपत्री मध्ये बांबू घालून उतरती बांधा, तळातलं पाणी आठवड्याला उपसा. बागायतदारांसाठी हीच गोष्ट करवंट्यांची आणि सुपारीच्या झाडाखाली पडलेल्या विऱ्यांची. त्यांत ओंजळभर पाणी साठलं तरी डासाला पुरतं. पन्हळीत अडकलेला पालापाचोळा आणि संडासाच्या टाकीचा उघडा वायुपाईप या दोन जागाही बघा. पाईपाच्या तोंडाला जाळी किंवा जुना नायलॉनचा मोजा बांधला की झालं.

वापरात नसलेल्या विहिरीत आणि पाण्यानं भरलेल्या चिरेखाणीत गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रात विचारलं तर ते मिळतात. पण वहाळात किंवा नदीत सोडू नका. ते परदेशी मासे आहेत आणि आपल्या स्थानिक माशांच्या पोटावर पाय आणतात.

खिडक्यांना लोखंडी जाळी बसवली तर खाऱ्या वाऱ्यानं ती लवकरच गंजते. फायबरची जाळी टिकते. झोपताना मच्छरदाणी लावाच, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी ती अंथरुणाखाली नीट खोचून घ्यावी. मण्यार रात्री उबेला येते आणि झोपलेल्या माणसाला चावते. खोचलेली मच्छरदाणी डासाला अडवते तशी तिलाही अडवते. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

उंदराच्या मागून काय काय येतं

भातकापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तयारीत असायला हवं. शिसपेन्सिल आत जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी, पाईपाभोवतीच्या भोकात तारेचा चोथा भरून वर सिमेंट, असं करता येतं. कौलारू घर मात्र पुरतं बंद करता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. त्यापेक्षा छपराला टेकलेल्या फांद्या मेमध्येच तोडा, माळ्यावर नारळ उघडे टाकू नका आणि रात्री मांजराच्या ताटलीतलं उरलेलं अन्न उचला.

सापळ्यात उंदीर फसत नाही अशी तक्रार असते, कारण आपण आणल्या दिवशीच तो ताणून ठेवतो. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिले दोन-तीन दिवस सापळा न लावता त्यात भाजलेलं खोबरं किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवून द्या, तो खाऊन जाऊ द्या, मग लावा. सापळा खोलीच्या मध्ये नको, भिंतीलगत हवा, कारण उंदीर भिंत धरूनच पळतो. चिकट पट्ट्यांचा मी पुरस्कार करत नाही. त्यांवर पाली अडकतात, कधी साप अडकतो आणि अडकलेला जीव तासन् तास तडफडतो.

विषाच्या वड्यांनी उंदीर मरतो, पण काही दिवसांनी आणि बहुधा माळ्यावर, जिथे हात पोचत नाही. तो मेलेला उंदीर खाणाऱ्या मांजराला आणि घुबडालाही ते विष लागू शकतं. दोन वस्तू मात्र घरात आणूच नका. एक, ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. तिनं यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. पावाला लावून ठेवलेली ही पेस्ट मुलाच्या हाती लागायला किती वेळ लागतो? दुसरी, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून विषारी वायू सुटतो. आपल्या दमट हवेत ते फार झपाट्यानं होतं आणि शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही त्यात दगावू शकतात. सरकारनं या गोळ्यांच्या वापरावर निर्बंध घातलेले आहेत, ते उगाच नाहीत.

उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या अंगात शिरतात. सिंधुदुर्गानं लेप्टोची साथ पाहिलेली आहे. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या आणि अंग ठणकू लागलं, डोळे लाल झाले तर घरची गोळी घेऊन वाट बघू नका. आरोग्य केंद्रात जाऊन आपण शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी ब्लिचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग पुसून घ्या.

उंदरामागे साप येतो आणि झुरळामागे विंचू. लाल विंचवाच्या दंशानं एकेकाळी कोकणात पुष्कळ माणसं दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर हे मृत्यू खूपच कमी झाले. आता आपलं काम इतकंच की मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यायचं. विंचू अतिनील (यूव्ही) प्रकाशात हिरवट चमकतो. असा छोटा टॉर्च बाजारात मिळतो. चिऱ्यांच्या ढिगापाशी, लाकडांपाशी रात्री जाणाऱ्यानं तो जवळ ठेवावा.

स्वयंपाकघर

मोरीतून येणारं मोठं तांबडं झुरळ आणि फ्रिजमागे, मिक्सरखाली दडणारं लहान झुरळ, हे दोन वेगळे प्रकार आहेत. मोठ्याला रात्री मोरीवर बारीक जाळीचं झाकण घातलं की पुरतं. लहान झुरळाच्या मानेमागे दोन गडद रेघा असतात. ते बहुधा किराणाच्या खोक्यांतून घरात येतं आणि त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी अंगाला चिकटवून फिरते. फवारा तिथे हरतो. जेलचे मुगाएवढे थेंब बिजागऱ्यांत, ओट्याच्या कडेखाली, फ्रिजच्या मागे ठेवा आणि मग त्या जागी चुकूनही फवारा मारू नका. फवाऱ्याच्या वासानं झुरळं तिथून दूर राहतात आणि जेल खायला येतच नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा थेंब ठेवा. पहिल्या खेपेला न उमललेल्या अंड्यांतली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात.

तांदळाच्या बाबतीत जुन्या माणसांचं गणित बरोबर होतं. ती कणगीत भात ठेवत आणि लागेल तसं गिरणीतून काढून आणत. तूस अंगावर असेपर्यंत सोंडे सहजी शिरत नाहीत. एकदा भात सडून तांदूळ केला की त्याचं वय सुरू होतं. म्हणून पावसाळ्यात एक महिन्याचाच तांदूळ काढून आणावा, आणि विकतचा असेल तर तोही लहान पिशव्यांत आणावा. भात आणि कडधान्यं मेच्या उन्हात खडखडीत वाळवा, पण ऊन ऊनच डब्यात भरू नका, आत घाम सुटतो. तांदूळ उन्हात घातला तर कणी होते. तो सावलीतच पसरावा. मुगाला, तुरीला एरंडेलाचा हलका हात फिरवला की भुंग्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत. कुळथात आणि वालात चाळलेली राख मिसळायची पद्धतही खरीच उपयोगाची. राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि तो सुकून मरतो. फ्रीजरमध्ये जागा असेल तर पिशवी चार दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात घालायच्या नाहीत. बोरिक पावडर चोळलेला तांदूळही मी घरात घेत नाही. ती पावडर पोटात जाण्याजोगी नाही.

पुस्तकं आणि कपडे यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पावसाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा बाहेर काढून वारा द्यावा, कपाट पुसावं, म्हणजे कसर फारशी लागत नाही. बाळंतिणीच्या घरात डांबरगोळ्या नकोत. त्यांच्या वासात राहिलेली दुपटी अंगाला लागल्यानं काही नवजात बाळांच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ होते.

ज्यांना राहू द्यावं

पावसाळ्यात भिंतीवर चढणारी, हात लावला की वेटोळं करणारी वाणी कोणाला चावत नाही. केरसुणीनं सुपात घेऊन बाहेर टाका. चिचुंद्री उंदीर नव्हे. ती झुरळं आणि किडे खाते. पाल आणि जाळ्यातले कोळीही आपलंच काम करत असतात. जो दिसेल त्याच्यावर फवारा मारणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या बिनपगारी गड्यांनाच हाकलून देतो. गोम मात्र चावते, तेव्हा न्हाणीघरात आणि बाहेर काढलेल्या चपलांत बघून पाय घाला.

औषध घ्यायचंच झालं तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. शेतीचं औषध घरात वापरू नका, शेजाऱ्यानं पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं तर मुळीच नको. घरी औषध मारायला येणाऱ्याकडे परवाना मागा आणि कोणतं औषध वापरणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा माणूस बघा.

बंद घरांबद्दल

कोकणातल्या प्रत्येक वाडीत चार-दोन घरं अशी असतात की ती गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यातच उघडतात. वाळवीला, उंदराला आणि वाघळांना याहून निवांत जागा नाही, आणि तिथे माजलेली कीड शेजारच्या नांदत्या घरात उतरते. ढेकणांचा प्रवास उलट दिशेनं होतो. ते बॅगांतून शहरातून येतात. घरी पोचल्यावर बॅगा अंथरुणावर न ठेवता खळ्यात उन्हात उघडा, कपडे कडक पाण्यात धुवा, शिवणींवरून इस्त्री फिरवा. घर बंद ठेवलं म्हणजे उपासमारीनं ढेकूण मरतील, या भरवशावर राहू नका. ते खाण्याविना कित्येक महिने काढतात.

तेव्हा चाकरमान्यांना एवढंच सांगणं आहे. कुलूप लावून निघण्याआधी स्वयंपाकघरात धान्याचा एक दाणाही उघडा ठेवू नका, टाक्या आणि पिंपं कोरडी करून उपडी घाला, गाद्या गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा, कपाटांची दारं किलकिली राहू द्या. किल्ली शेजारच्या विश्वासाच्या माणसाकडे द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा खिडक्या उघडून, चौकटींवर नजर टाकायला सांगा. त्या माणसाला त्याबद्दल रीतसर पैसे द्या. नवी चौकट आणि नवे वासे बसवण्यापेक्षा हे पैसे नक्कीच कमी असतील.